वणाच्या आत कोण बसलंय? किडनीची बायॉप्सी वाचताना

सुईतून निघालेला किडनीचा तुकडा जाड दोऱ्याएवढा असतो. १८ गेजची सुई असेल तर जाडी मिलिमीटरभरही नाही, लांबी एक-दीड सेंटिमीटर. एका किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास ग्लोमेरुलस असतात, म्हणजे रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुंते. या दोऱ्यात त्यातले दहा-वीस सापडले तर नशीब चांगलं. एवढ्यावरून दोन गोष्टी सांगायच्या असतात: किडनीत वण, म्हणजे फायब्रोसिस, किती झालाय, आणि तो अजून वाढतोय का. पहिलीचं उत्तर रंगातून मिळतं. दुसरीचं उत्तर त्या वणात प्रतिकारयंत्रणेच्या कोणत्या पेशी बसल्यात यावर ठरतं, आणि तेच बरीच वर्षं नीट वाचलं जात नव्हतं. तुकडा हातात आल्यापासून रिपोर्टवर सही होईपर्यंत आम्ही काय करतो, काय बिघडतं आणि का, ते सगळं पॅथॉलॉजीच्या बाजूने लिहितो आहोत.

तुकडा काढण्याबद्दल थोडक्यात. रुग्ण पालथा झोपतो, सोनोग्राफीवर किडनीचं खालचं टोक दिसतं, जागा बधिर करतात, श्वास रोखायला सांगतात आणि स्प्रिंगची गन खट्कन उडते. त्याआधी रक्तदाब १४०/९० च्या खाली आणलेला बरा. रक्त पातळ करणारी औषधं डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच थांबवायची, मनाने नाही. नंतर काही तास सपाट पडून राहायचं आणि लघवीचा रंग बघत राहायचं. आमच्या दृष्टीने यात बिघडतं ते सुईच्या खोलीत. सुई फार आत गेली तर नुसता मेड्युला, म्हणजे किडनीचा आतला भाग, येतो, त्यात एकही ग्लोमेरुलस नसतो आणि वणाचं माप काढता येत नाही. फार वरवर राहिली तर आवरणाखालचा पट्टा येतो. तिथे वय आणि रक्तदाबामुळे थोडा वण आणि थोड्या लिम्फोसाइट (प्रतिकारयंत्रणेच्या पांढऱ्या) पेशी कुणाच्याही किडनीत असू शकतात. तोच तुकडा संपूर्ण किडनीचा प्रतिनिधी मानला तर आजार आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

कोअर, म्हणजे सुईतला तुकडा, हाती आला की पहिलं काम त्याला छोट्या मायक्रोस्कोपखाली सलाइनच्या थेंबात ठेवणं. ताज्या तुकड्यात ग्लोमेरुलस लालसर ठिपक्यांसारखे उठून दिसतात आणि कॉर्टेक्स, म्हणजे ग्लोमेरुलस असलेला बाहेरचा भाग, कुठला ते लगेच कळतं. मग वाटणी: टोकाचे मिलिमीटरभर तुकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये, एक भाग इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे तुकड्यात अडकलेल्या अँटिबॉडी चमकवून पाहण्यासाठी, मिशेलच्या द्रावणात, उरलेला सगळ्यात मोठा भाग १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये. ही वाटणी दिसायला सोपी आहे, पण बऱ्याच केसेस इथेच घसरतात. इम्युनोफ्लुओरेसन्सचा तुकडा चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला की प्रथिनं एकमेकांत अडकतात आणि अँटिबॉडी शोधणारे आमचे रंग नीट चिकटत नाहीत. ग्लुटाराल्डिहाइडला लागलेलं ब्लेड पुन्हा वापरलं तरी तीच गत. कोरड्या गॉजवर ठेवलेला तुकडा पाणी सोडून सुकतो आणि त्यावर जाळीचे खड्डे उमटतात.

चिमटा तर नकोच. बारीक काडीने ढकलावं. चिमट्याच्या दाबाने लिम्फोसाइटची केंद्रकं फुटतात आणि स्लाइडवर निळ्या ओरखड्यांसारखी पसरतात. अशा जागी दाह होता की चिमटा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. प्रतिकारपेशी मोजायच्या असतील तर सुरुवात चिमटा बाजूला ठेवण्यापासून होते.

पॅरॅफिनचा ब्लॉक झाला की सेक्शन २ ते ३ मायक्रॉनचे कापायचे. इतर अवयवांना ४-५ मायक्रॉन चालतात, किडनीला नाही. जाड सेक्शनमध्ये केंद्रकांचे दोन थर एकावर एक दिसतात, म्हणजे नसलेली गर्दी दिसते, आणि वण दाखवणाऱ्या ट्रायक्रोमचा निळा रंगही गडद होतो, म्हणजे नसलेला वण दिसतो. एकाच जाड कापामुळे दोन्ही बाजूंनी खोटं उत्तर मिळतं. वेगवेगळ्या खोलीवरचे काप घेऊन चार रंग करतो: एच अँड ई, पीएएस, सिल्व्हर आणि मॅसन ट्रायक्रोम. पेशी ओळखायला पहिला, गाळलेला द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांचं आणि ग्लोमेरुलसचं बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे पेशींखालचा पातळ पडदा, पाहायला पुढचे दोन, वणासाठी शेवटचा.

ट्रायक्रोमवर जरा थांबतो, कारण टक्केवारीचा सगळा डोलारा त्यावर उभा असतो. सेक्शन आधी बुआँच्या द्रावणात ५६ ते ६० अंश सेल्सिअसला तासभर ठेवायचं, मग पिवळा रंग पूर्ण निघेपर्यंत वाहत्या पाण्यात धुवायचं. वायगर्टच्या आयर्न हिमॅटॉक्सिलिनने केंद्रकं काळी होतात. पुढे बीब्रिख स्कार्लेट आणि अ‍ॅसिड फुक्सिन सगळंच लाल करतात. त्यानंतरचं फॉस्फोमॉलिब्डिक-फॉस्फोटंगस्टिक आम्ल कोलॅजेनच्या सैल जाळीतून लाल रंग बाहेर काढतं, पण दाट पेशीद्रव्यात तो टिकून राहतो. रिकाम्या झालेल्या कोलॅजेनमध्ये शेवटी अ‍ॅनिलिन ब्लू शिरतो. आम्लात सेक्शन कमी वेळ राहिलं तर कोलॅजेन जांभळट राहतं आणि वण कमी भरतो. निळ्यात जास्त वेळ राहिलं तर नलिकांच्या पेशीही निळसर होतात आणि वण वाढतो. खात्री करायला कुठे पाहायचं? रक्तवाहिनीच्या भिंतीकडे. तिथला स्नायू लाल आणि बाहेरचं आवरण निळं दिसलं की रंग बरोबर आहे. तसं दिसत नसेल तर टक्केवारी काढायला बसू नये, रंग पुन्हा करावा.

स्लाइड नेहमी कमी मॅग्निफिकेशनवर आधी बघायची. निरोगी कॉर्टेक्समध्ये नलिका पाठीला पाठ लावून बसलेल्या असतात, मधल्या जागेत केशवाहिन्या आणि नावापुरतं कोलॅजेन. वणाच्या जागी त्या एकमेकींपासून दूर सरकतात. इथे हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे पाण्याची सूज, इडीमा. तिच्यातही नलिका दूर जातात, पण मधली जागा फिकट, विरळ असते आणि नलिकांचा आकार शाबूत असतो. खऱ्या वणात निळा दाट असतो आणि नलिका आक्रसलेल्या असतात. आक्रसण्याच्याही तऱ्हा आहेत. एकीत मेम्ब्रेन जाड होऊन चुण्या पडतात. पीएएसवर ती मॅजेंटा रंगाच्या चुरगळलेल्या फितीसारखी दिसते. दुसरीत पोकळीत गुलाबी साका भरून सगळा भाग थायरॉइडसारखा वाटतो. तिसरीत नलिका अगदी अरुंद होतात, मेम्ब्रेन मात्र पातळच असतं. नवशिक्यांची नजर पहिलीवर बसलेली असते आणि तिसरी निसटते.

मग आकडा. प्रत्यारोपित किडनीसाठी जगभर वापरली जाणारी बॅन्फ पद्धत, जिची पहिली बैठक १९९१ मध्ये कॅनडातल्या बॅन्फ गावी झाली, वणाचे चार टप्पे पाडते: कॉर्टेक्सच्या ५ टक्क्यांपर्यंत शून्य, ६ ते २५ टक्के एक, २६ ते ५० दोन आणि ५० च्या वर तीन. तुकड्यात किमान १० ग्लोमेरुलस आणि दोन धमन्या असाव्यात असंही ती सांगते. स्वतःच्या किडनीतल्या आयजीए आजारासाठी (यात ग्लोमेरुलसमध्ये आयजीए ही अँटिबॉडी साचते) ऑक्सफर्ड पद्धतीचा टी हा अंक असतो: २५ टक्क्यांपर्यंत टी०, ५० पर्यंत टी१, वर टी२. ग्लोमेरुलसचा आजार असूनही नलिकांचं नुकसान का मोजायचं, हा प्रश्न विद्यार्थी दरवर्षी विचारतात. १९६८ मध्येच रिझडन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की किडनीचं काम किती घटलंय याचा मेळ ग्लोमेरुलसपेक्षा नलिकांच्या नुकसानाशी जास्त बसतो. तेव्हापासून त्यात बदल करावा असं काही आढळलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. या निळ्या रानात काळ्या ठिपक्यांसारखी केंद्रकं दिसतात, ती बहुतेक लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या कचरा गिळणाऱ्या पेशींची. बॅन्फच्या आय या जुन्या अंकाचा नियम होता आणि आजही त्या अंकापुरता आहे: दाह फक्त वण नसलेल्या कॉर्टेक्समध्ये मोजायचा. वणातल्या, आवरणाखालच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशी धरायच्या नाहीत. त्यामागचा तर्क वरवर पटण्यासारखा होता. जुन्या वणात थोड्या पेशी रेंगाळतातच, त्या मागे राहिलेल्या आहेत, चालू हल्ल्याचा पुरावा नव्हेत. पण पाहणी होत गेली तसं उलटं दिसलं. नुसता वण असलेल्या प्रत्यारोपित किडन्या बऱ्याच काळ टिकत होत्या, आणि ज्यांच्या वणात या पेशी दाटून होत्या त्या लवकर निकामी होत होत्या. म्हणजे जो भाग मोजायचाच नाही असा नियम होता, त्यातच महत्त्वाची खूण होती. शेवटी वणातल्या दाहाला स्वतंत्र अंक मिळाला, आय-आयएफटीए (आयएफटीए म्हणजे फायब्रोसिस आणि नलिकांचं आक्रसणं). वण असलेल्या भागाच्या १० टक्क्यांखाली शून्य, २५ पर्यंत एक, ५० पर्यंत दोन, पुढे तीन. २०१७ च्या बॅन्फमध्ये टी पेशींमुळे होणारी चिवट, चालू नाकारणूक, म्हणजे शरीराने नवी किडनी न स्वीकारणं, याच अंकाच्या आधाराने ठरवली गेली, पण एक अट घालून: पेशींचं दुसरं कारण नसावं. बीके विषाणू, किडनीत चढलेला जंतुसंसर्ग, लघवीच्या वाटेतला अडथळा, हे सगळं वणात पेशी जमवतं. त्यामुळे अंक तीन आला म्हणून लगेच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवायची नसतात. बीके असेल तर ती उलट कमी करावी लागतात.

एक जागा जवळून बघू. पीएएसवर ४० च्या लेन्सखाली एक नलिका धरा. मॅजेंटा रेघ म्हणजे तिची सीमा. रेघेच्या बाहेर लिम्फोसाइट असेल तर तो शेजारी. रेघेच्या आत, नलिकेच्या पेशींमध्ये शिरलेला असेल तर ती ट्युब्युलायटिस. आत शिरलेल्याचं केंद्रक लहान, गोल, काळंभोर असतं आणि भोवती पांढरं वलय दिसतं. नलिकेच्या पेशीचं केंद्रक त्याहून मोठं आणि फिकट असतं. दहा नलिकापेशींमागे चारपर्यंत असे घुसखोर असतील तर सौम्य, पाच ते दहा मध्यम, त्याहून जास्त तीव्र. पूर्वी आक्रसलेल्या नलिकांमधले घुसखोर सरसकट सोडून देत. आता फक्त ज्या नलिकेचा व्यास धड नलिकेच्या पाव भागाहून कमी उरलाय, तीच वगळायची. हा बदलही त्याच धड्यातून आलेला आहे.

या पेशी वण वाढवतात कशा, हे स्लाइडवर थेट दिसत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आणि वेगवेगळ्या मार्करांमधून (ठरावीक पेशी ओळखणाऱ्या रंगांमधून) जुळवावं लागतं. औषध, रक्तपुरवठ्यातली खोट, लघवीतून गळणारं प्रथिन, काहीही असो, आधी नलिकेच्या पेशीला इजा होते. इजा झालेली पेशी मुकाट्याने मरत नाही. एचएमजीबी१, एटीपी अशा आतल्या वस्तू बाहेर सांडतात, शेजारच्या पेशींवरचे टोल-लाइक आणि इतर रिसेप्टर त्या ओळखतात आणि एमसीपी-१ नावाचा निरोप रक्तात जातो. त्या निरोपावर मोनोसाइट या रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात, किडनीत उतरून मॅक्रोफेज होतात. पहिल्या लाटेतले मॅक्रोफेज टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ ही दाह पेटवणारी रसायनं सोडतात. पुढच्या लाटेतले सूर बदलतात, कचरा उचलतात, टीजीएफ-बीटा आणि पीडीजीएफ सोडून डागडुजी करायला सांगतात. इजा एकदाच झाली असेल तर डागडुजी उरकते आणि मंडळी पांगतात. इजा चालूच राहिली तर डागडुजीचा हुकूम मागे घेतलाच जात नाही. केशवाहिन्यांना बिलगून बसणाऱ्या पेरिसाइट आणि फायब्रोब्लास्ट पेशी त्या हुकमावर मायोफायब्रोब्लास्ट होतात आणि पहिल्या व तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन विणत राहतात. पेरिसाइटने जागा सोडली की केशवाहिनीही कोमेजते, नलिकेला प्राणवायू कमी पडतो, आणि नवी इजा तयार. हे चक्र मग मूळ कारणाशिवायही फिरत राहतं.

या विणकर पेशी येतात कुठून, यावर बराच वाद झाला. उंदरांत मूत्रवाहिनी बांधून केलेल्या २०१३ च्या एका कामात सुमारे निम्म्या पेशी जागच्या फायब्रोब्लास्टच्याच वाढीतून आणि सुमारे ३५ टक्के अस्थिमज्जेतून आलेल्या निघाल्या. नलिकेच्या पेशींचं रूपांतर होऊन आलेल्या जेमतेम ५ टक्के. इतर गटांचे आकडे वेगळे आहेत, त्यामुळे ही टक्केवारी आम्ही फार घट्ट धरत नाही. नलिकेची पेशी स्वतः फारशी विणत बसत नाही, ती मुख्यतः निरोप पाठवते, एवढं मात्र पक्कं धरतो.

मग टीजीएफ-बीटा बंद करा की, असं वाटतं. मधुमेही किडनीविकारात टीजीएफ-बीटा-१ रोखणाऱ्या अँटिबॉडीची चाचणी झाली, पण नेहमीच्या उपचारावर तिचा काही फायदा दिसला नाही. कारणं अनेक असतील, पण एक उघड आहे: तोच रेणू प्रतिकारयंत्रणेला लगामही घालतो. टीजीएफ-बीटा-१ चा जीन काढून टाकलेली उंदरांची पिल्लं अवयवाअवयवात दाह पेटून काही आठवड्यांत मरतात. मॅक्रोफेजचंही असंच दुहेरी आहे. सगळेच काढून टाकले तर वण विणवणारे जातात तसे कचरा उचलणारेही जातात. प्रतिकारयंत्रणा वणाची शत्रू की मित्र, या प्रश्नाला म्हणूनच तारीख लावावी लागते: इजेनंतर कितव्या दिवशी?

हे तारखेचं गणित रोजच्या कामात सगळ्यात स्पष्ट दिसतं ते औषधाच्या अ‍ॅलर्जीने होणाऱ्या इंटरस्टिशियल नेफ्रायटिसमध्ये, म्हणजे नलिकांच्या मधल्या जागेच्या दाहात. प्रतिजैविकं, वेदनाशामकं, आम्लपित्ताच्या प्रॅझोल गटातल्या गोळ्या ही नेहमीची कारणं. स्लाइडवर सुरुवातीला फिकट सूज, लिम्फोसाइट आणि अधूनमधून इओसिनोफिल या अ‍ॅलर्जीत दिसणाऱ्या पेशी असतात, निळं जवळजवळ नसतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तीच जागा निळी व्हायला लागते. औषध थांबवायला आणि स्टेरॉइड द्यायचं ठरलं तर ते सुरू करायला उशीर झाला की पेशी जातात, पण निळं राहतं आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचं माप) पूर्वपदावर येत नाही. ताप, पुरळ आणि रक्तात इओसिनोफिल हे तिन्ही एकत्र दिसण्याची वाट पाहू नये. बहुतेकांत तिन्ही एकत्र नसतात.

शंका आली की जादा मार्कर लावतो. टी पेशींना सीडी३, बी पेशींना सीडी२०, प्लाझ्मा पेशींना सीडी१३८, मॅक्रोफेजला सीडी६८. आम्हाला यात सगळ्यात उपयोगी वाटतो तो मात्र प्रतिकारपेशींचा नाहीच: अल्फा स्मूथ मसल अ‍ॅक्टिन. रक्तवाहिन्यांचा स्नायू त्यात रंगतोच, तोच कंट्रोल. पण नलिकांच्या मधल्या जागेत तपकिरी जाळी दिसली आणि ट्रायक्रोम अजून फारसा निळा नसेल, तर विणकर कामाला लागलेत, कापड अजून तयार व्हायचंय, असं समजावं. प्लाझ्मा पेशी फार दिसल्या तर आयजीजी४ लावावा. एका हाय पॉवर फील्डमध्ये दहाहून जास्त आयजीजी४ पेशी आणि भोवऱ्यासारखा वळलेला वण असेल तर तो वेगळाच आजार असतो. तो स्टेरॉइडला चांगला वळतो, झालेला वण मात्र तसाच राहतो.

इम्युनोफ्लुओरेसन्समधली एक चूक इतकी नेहमीची आहे की ती सांगायलाच हवी. वण पडलेल्या ग्लोमेरुलसमध्ये आयजीएम आणि सी३ चमकतात. ते तिथे अडकून पडलेलं प्रथिन असतं, गाळणीत अडकलेल्या गाळासारखं, हल्ला नव्हे. धड ग्लोमेरुलस शोधावा आणि तो काय दाखवतोय तेच लिहावं. तुकड्यात सगळेच वण पडलेले असतील तर तसं स्पष्ट लिहावं, उगाच आजाराचं नाव देऊ नये.

दोन डोळस माणसं एकाच स्लाइडवर वणाचा एकच आकडा क्वचित सांगतात. एकाचे २०, दुसऱ्याचे ३५. वण सलग नसतो, ठिगळाठिगळाने असतो, त्यामुळे नजर जिथे रेंगाळते तिथला आकडा डोक्यात बसतो. म्हणून आम्ही कोअरचे समान तुकडे मनात पाडून प्रत्येकाला वेगळा आकडा देतो आणि मग सरासरी काढतो, मेड्युला सोडून. ५० टक्क्यांच्या सीमेवर असेल तर आपला आकडा न सांगता दुसऱ्याला दाखवतो. सांगून दाखवलं की तोही ५० च म्हणतो.

रिपोर्टमध्ये नुसतं ‘आयएफटीए ३० टक्के’ लिहून सोडलं तर वाचणाऱ्या नेफ्रॉलॉजिस्टला ३० टक्के गेलं एवढंच कळतं. औषध कशाला द्यायचं, ते कळत नाही. वणातल्या पेशींचा अंक असलेली पद्धत मुळात प्रत्यारोपणासाठी आहे, पण त्या पेशींबद्दल शब्दांत एक ओळ लिहायला कुठल्याही किडनीत अडचण नसते. म्हणून ओळ अशी जाते: ‘कॉर्टेक्सच्या अंदाजे ३० टक्के भागात फायब्रोसिस आणि नलिकांचं आक्रसणं. वण असलेल्या भागाच्या निम्म्याहून जास्त जागेत लिम्फोसाइट व मॅक्रोफेज, मध्यम ट्युब्युलायटिस. वण नसलेल्या भागात दाह १० टक्क्यांहून कमी. विषाणूची खूण नाही. तुकड्यात १४ ग्लोमेरुलस, ३ धमन्या; आवरणाखालचा भाग मोजलेला नाही.’ त्याखाली सही, आणि ब्लॉक कपाटात. पुढची बायॉप्सी झालीच तर दोन्ही ट्रायक्रोम शेजारी ठेवूनच वाचायचे.